प्रज्ञाच्या औषधाची चिठ्ठी

लहान मुलांच्या आयसीयूबाहेर जो हॉल असतो, तिथल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एक जण उठला की अख्खी रांग हलते. त्या हलत्या खुर्च्यांवर आत्ता जे आईबाप बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. औषधांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण तुम्ही ती लगेच मोबाइलवर शोधाल आणि होती ती झोपही घालवाल. माझी मुलगी बरी झाली, हे आधीच सांगून टाकते. मलाही त्या दिवसांत असल्या लेखांचा शेवट आधी वाचायची खोड लागली होती.

पित्त

प्रज्ञा तेव्हा तिसरीत होती. अंगानं बारीक, तोंडानं फटकळ. दुसरं माझ्यावर गेलंय असं तिचे पप्पा, म्हणजे सुनील, म्हणतात. आमच्या गल्लीत तिला एक मानाचं काम होतं. आमच्याकडं नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर टँकर. पूर्वी टँकर आला की आधी हंडे एकमेकांना भिडायचे आणि मग माणसं. एकदा माझी कळशी चेपली, मी कोणाची तरी बादली लाथाडली, आणि त्या भांडणातून तोडगाही मीच काढला. सगळ्या घरांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, मिठाईच्या डब्यात टाकायची आणि लहान लेकराच्या हातून एकेक काढायची. निघेल त्या क्रमानं पाणी भरायचं. लेकराच्या हाताला आपलं-परकं कळत नाही, म्हणून लेकराचा हात. नियम एकच, तोही माझाच: एकदा निघाली की निघाली. पुन्हा डब्यात हात घालायचा नाही.

तो हात प्रज्ञाचा. डोळे घट्ट मिटून, ओठ चावून चिठ्ठी काढायची, जणू बोर्डाचा निकाल लावतेय.

त्या आठवड्यात तिला ताप आला. पोट दुखतं म्हणाली, दोनदा उलटी झाली. जवळच्या डॉक्टरांच्या औषधानं ताप उतरला. सासूबाई म्हणाल्या, "पित्त झालंय लेकराला. लई चिंचा खाती." मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला, गल्लीत हाकाटी झाली, तरी ही उठली नाही. "मम्मी, आज तू काढ," म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. पण हात गार पडलेले, ओठ पांढुरके, आणि एवढं बोलून तिला दम लागला होता. लेकराचा ताप उतरला आणि तरी ते जास्तच मलूल झालं, तर पित्त म्हणत बसू नका. शेजारच्या नसीमआपांचा मुलगा रिक्षा चालवतो. टँकर, हंडे, मिठाईचा डबा, सगळं आहे तिथं टाकून आम्ही त्याच्या रिक्षात बसलो.

पोट नाही, हृदय

हॉस्पिटलमधल्या मुलांच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी तपासलं, छातीची सोनोग्राफी केली आणि मला बाजूला बसवलं. विषाणूच्या तापामुळं हृदयाच्या स्नायूला सूज आलीय, म्हणाल्या. हृदय नीट पिळलं जात नाही, म्हणून अंगभर रक्त पोचत नाही.

मी म्हणाले, "मॅडम, तिचं पोट दुखतंय. हृदयाचं काही नाही तिला."

त्या चिडल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. माझ्या डोक्यात हृदयाचा आजार म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा. तो शाळेचा डबा न खाता परत आणणाऱ्या पोरीला कसा होईल, एवढंच मी धरून बसले होते. सुनील चितेगावच्या कंपनीतून तसेच आले, अंगात कंपनीचा शर्ट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ती आत्ता जागी हाय का?"

सकाळपर्यंत औषधांनी भागलं नाही. मॅडम म्हणाल्या, आता मशीन लावावं लागेल. एक्मो म्हणतात त्याला. शरीरातलं रक्त नळीनं बाहेर काढायचं, मशीननं त्यात प्राणवायू मिसळायचा आणि दुसऱ्या नळीनं आत ढकलायचं. हृदय आणि फुप्फुस, दोघांचं काम मशीन करणार. "मशीन तिला बरं करत नाही," हे मॅडमनी दोनदा सांगितलं. "हृदयाला आराम देतं. आरामात ते आपलं आपण सुधारतंय का, ते बघायला आपल्याला वेळ मिळतो."

"आणि नाय सुधारलं तर?" सुनीलनी विचारलं.

"तर आपण पुन्हा असंच बसून बोलू. काही लपवणार नाही."

झोपेचं औषध द्यायच्या आधी मला आत सोडलं. प्रज्ञानं विचारलं, "पाणी कोणाला पहिलं निघालं?"

"नसीमआपांना," मी म्हणाले. त्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्याच नव्हत्या. पण तिला बरं वाटलं. नसीमआपा तिच्या लाडक्या.

दोन नळ्या

पहिल्यांदा तिला मशीनवर पाहिलं तेव्हा मी पायांकडंच बघत राहिले, कारण पाय तेवढे ओळखीचे होते. मानेतून दोन नळ्या निघालेल्या. एकीतलं रक्त जांभळासारखं काळपट, दुसरीतलं डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. काळं बाहेर, लाल आत. हे बघायला भयंकर आहे, पण दुसऱ्या दिवसापासून मी आत शिरले की आधी लाल नळी शोधायची. लाल दिसली की मगच आपण चप्पल काढून आलोय हे मला आठवायचं, पाय गार लागायचे.

वैशाली सिस्टर तिच्या उशाशी असायच्या. दौलताबादच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रज्ञाचे केस नळ्यांत अडकू नयेत म्हणून विंचरून एका बाजूला वेणी घातली आणि मला म्हणाल्या, "उठल्यावर गुंता झालेला दिसला तर पोरगी माझ्याशी भांडंल ना ताई." उठल्यावर, म्हणाल्या. सगळं हॉस्पिटल 'बघू', 'सांगता येत नाही' असं बोलत होतं, आणि ही बाई उठल्यावरच्या गुंत्याची काळजी करत होती. मी त्या शब्दावर तो सगळा दिवस काढला.

लकी ड्रॉ

रक्त शरीराबाहेर पडलं की गोठायला बघतं, हे आपण बोट कापल्यावर पाहतोच. मशीनच्या नळ्यांत ते गोठलं तर गाठ मेंदूत जाऊ शकते. म्हणून मशीनवरच्या प्रत्येक मुलाला रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. ते कमी पडलं तर गाठी, जास्त झालं तर रक्तस्राव. ही तारेवरची कसरत डॉक्टर सारखं रक्त तपासत करत असतात.

मॅडमनी आम्हाला छोट्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, यासाठी दोन औषधं आहेत. एक जुनं, वर्षानुवर्षं वापरात असलेलं. दुसरं नवं, तेही वापरलं जातं. पण मशीनवरच्या मुलांसाठी दोन्हींतलं कोणतं बरं, हे अजून नक्की माहीत नाही. ते कळावं म्हणून वेगवेगळ्या हॉस्पिटलांत मिळून चाचणी चाललीय. आईबापांनी होकार दिला, तर कोणत्या मुलाला कोणतं औषध हे कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी टाकल्यासारखं. दोन्हींवर लक्ष तेवढंच. नको असेल तर नको म्हणा, उपचार तेच राहतील. होकार दिल्यावरही कधीही बाहेर पडता येईल. "उद्या दुपारपर्यंत सांगा, तोवर नेहमीचं जुनंच चालू आहे," म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "माझ्या पोरीचं औषध म्हणजे लकी ड्रॉ आहे का? तुम्हाला माहीत नाही कोणतं चांगलं, तर आम्ही कोणाकडं जायचं?"

मॅडम म्हणाल्या, "तुमचा राग बरोबर आहे. पण मला माहीत नाही हेच खरं आहे."

सुनील बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "हो म्हणू या का? त्यांनी खरं तरी सांगितलं."

"तुमच्या कंपनीतला माल आहे का ती, चाचणी घ्यायला?" मी फटकन बोलले. ते जिन्यावर जाऊन बसले. त्या दिवसांत आमच्यात सगळ्यात मोठं भांडण म्हणजे हे असंच: एक जण बोलायचा आणि दुसरा जिन्यावर जायचा. आजारी लेकराच्या आईबापाला भांडायलाही जागा नसते, हॉल भरलेला असतो.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांचं निराळंच. "येवढं शिकून डॉक्टर चिठ्ठ्या काढायलेत व्हय? मंग आमच्यात आन त्यांच्यात फरक काय ऱ्हायला?" मला त्या वेळी त्यांचं म्हणणं सोळा आणे पटलं. सासूबाईंचं आणि माझं एकमत होणं ही आमच्या घरात बातमी आहे, यावरून माझी अवस्था ओळखा.

गल्लीचा निकाल

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमआपांचा फोन आला. मागं टँकरचा आवाज, हंड्यांचा खणखणाट.

"संगीता, सुन. टेन्शन नक्को ले. निकल गई चिठ्ठी."

"कसली चिठ्ठी, आपा?"

"अरे, परग्या के दवाई की! तेरी सास बोली ना कल, दवाई चिठ्ठीपे है करके. हम सबने मिलके निकाल दिये. नवी वाली निकली. तू बिंदास सही कर, डॉक्टर को बोल, हमारे यहाँ निकल गई."

मला आधी काही समजेना. मग सासूबाईंनी फोन घेतला आणि सविस्तर सांगितलं. दोन चिठ्ठ्या केल्या, एकीवर 'जुनं', एकीवर 'नवं'. त्याच मिठाईच्या डब्यात टाकल्या. प्रज्ञा नव्हती म्हणून नसीमआपांच्या नातीचा हात. अख्खी गल्ली टँकरचं पाणी सोडून डब्याभोवती. सासूबाईंनी आधी बुद्धवंदना म्हटली, नसीमआपांनी दुआ मागितली.

"आणि नवं निघालं?" मी विचारलं.

सासूबाईंनी आवाज बारीक केला. "पयल्यांदा जुनंच निघलं होतं. पर कोणालाच पटंना. नसीम म्हणली, पोरीला नवंच पायजे. सगळेच म्हणले. मंग पुन्यांदा काढली."

मी हॉलमध्ये मोठ्यानं हसले. खुर्च्यांची रांग हलली, लोक बघायला लागले. आणि हसता हसता रडायला लागले ते थांबेना. सुनील जिन्यावरून धावत आले, त्यांना वाटलं आतून काही बातमी आली.

ज्या गल्लीत एका नंबरसाठी माणसं महिनाभर अबोला धरतात, तिथं कोणी कोणाला पुन्हा चिठ्ठी काढू देत नाही. सख्ख्या भावालाही नाही. त्या सगळ्यांनी माझ्या पोरीसाठी नियम मोडला होता, एकानंही हूं का चूं न करता. इतका जीव होता त्यांचा तिच्यावर, आणि मला ते असं, टँकरच्या गोंगाटात कळलं.

मग डोळे पुसताना दुसरं लक्षात आलं. नवं का हवं होतं सगळ्यांना? काही माहीत होतं का कोणाला? नाही. नवं आहे म्हणून. साडी नवी बरी, भांडं नवं बरं, तसं. मी तिथं असते तर मीही मनासारखं निघेपर्यंत काढत बसले असते. ज्याचा जीव अडकलाय त्याच्या हातात डबा द्यायचा नसतो. हे मला टँकरच्या पाण्याचं कळत होतं, तो नियम मीच तर घातला होता. पोरीच्या औषधाचं मात्र डोक्यात शिरत नव्हतं.

मी मॅडमना गल्लीची हकिगत सांगितली. त्या आधी हसल्या, मग चष्मा काढून म्हणाल्या, "आम्हीही तुमच्या गल्लीसारखेच आहोत. कोणाला हे द्यावंसं वाटतं, कोणाला ते. प्रत्येकानं आपल्या मनाप्रमाणं दिलं तर कधीच कळणार नाही. म्हणून डबा आम्ही आमच्याही हातात ठेवलेला नाही."

दुपारी आम्ही दोघांनी होकार दिला. मी सुनीलना म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." ते म्हणाले, "चहा घे आधी." आमच्यात माफी अशीच मागतात.

कॉम्प्युटरनं जुनं काढलं.

जुनं

खरं सांगते, वाईट वाटलं. एवढं शहाणपण येऊनही वाटलं. गल्लीत कळवलं तर नसीमआपा म्हणाल्या, "मशीनकू बोलो ना, फिरसे निकाले." मी म्हणाले, "आपा, एकदा निघाली की निघाली."

पुढं एके दिवशी मानेच्या नळीभोवतीची पट्टी रक्तानं भिजलेली दिसली. सिस्टर पट्टी बदलत होत्या, डॉक्टर डोस कमी करत होते, आणि सुनील, जे कधी आवाज चढवत नाहीत, ते मॅडमना म्हणाले, "काढा आम्हाला यातून. नवं असतं तर असं झालं नसतं."

मॅडम म्हणाल्या, "आत्ता बाहेर पडायचं तर आत्ता पडा, मी थांबवणार नाही. तिला जे लागेल ते आम्ही करतोयच. पण नव्यानं रक्त आलं नसतं की जास्त आलं असतं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला माहीत असतं तर मी चिठ्ठी पडूच दिली नसती."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मी काही बोलले नाही, हा माझ्या आयुष्यातला दुर्मीळ प्रसंग. शेवटी सुनीलच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." संध्याकाळपर्यंत पट्टी कोरडी राहू लागली. त्यात कोणाचं शहाणपण नव्हतं. तसं झालं, एवढंच. नसतं झालं तर मी आज हे लिहू शकले असते का, ठाऊक नाही.

त्या दिवसांतल्या बारीकसारीक गोष्टी लक्षात राहिल्या. सिस्टर रोज वेणी सोडून नव्यानं घालायच्या. हॉलमधल्या एका अनोळखी बाईंनी न विचारता माझ्या पिशवीत भाकरी ठेवली. सासूबाई मानत नाही, मानत नाही म्हणत मीठ-मिरची पुडीत बांधून घेऊन आल्या आणि हॉस्पिटलच्या गेटवरच ओवाळून गेल्या. चितेगावची सुनीलची सगळी शिफ्ट रक्त द्यायला आली. त्यांतल्या काहींना पाठदुखीच्या गोळ्या खाऊन आल्यामुळं परत पाठवलं, तर ते रुसून बसले, आमचं रक्त काय वाईट हाय का म्हणून. तुमच्याकडं कोणी रक्त द्यायला येणार असेल, तर कोणतीही गोळी घेतली असल्यास आधी सांगायला सांगा. रुसवे वाचतील.

हृदय

मशीनवर असताना पडद्यावरची तिच्या नाडीची रेघ जवळजवळ सपाट असायची, कारण काम मशीन करत होतं. एका सकाळी वैशाली सिस्टरांनी मला बोटानं दाखवलं. रेघेवर बारीक उंचवटे आले होते, रांगोळीची सरळ रेघ ओढताना हात जरासा हलावा तसे. "हे मशीनचं नाय, ताई," त्या म्हणाल्या. "हे तिचं तिचं हाय."

मी सुनीलना हाक मारायला बाहेर आले आणि हॉलमध्ये येईपर्यंत काय सांगायचं तेच विसरले. नुसता त्यांचा शर्ट धरून उभी राहिले. त्यांना कळलं.

मग मशीन रोज थोडं थोडं कमी करत नेलं, आणि तिचं हृदय स्वतः पिळतंय हे बघून नळ्या काढल्या. जाग आल्यावर कितीतरी वेळ तिला बोलता येत नव्हतं. घशात श्वासाची नळी होती, त्यामुळं आवाज फुटला तोही घोगरा. पहिलं वाक्य वेणीबद्दल होतं, शाळेत दोन घालून जाते ना ती: "एकच कामून घातली?" सिस्टर म्हणाल्या, "बघा, म्हणलं नव्हतं का, भांडंल."

टँकर

घरी आल्यावर पाय लटपटायचे, जिना चढताना ती मधे बसायची. मानेवर व्रण आहे. गोळ्या चालू आहेत, तपासणीला जावं लागतं. ती झोपली की मी अजून तिच्या छातीवर हात ठेवून बघते. सुनील म्हणतात, सोड आता. मी सोडत नाही.

गल्लीच्या चिठ्ठीची गोष्ट तिला सांगितली तेव्हा तिला हसू आवरेना. मग विचारलं, "म्हणजे मी जुन्या औषधानं बरी झाले?"

"ते अजून कळलं नाही. तुझ्यासारख्या पुष्कळ लेकरांचं बघतील, मग कळेल. तोवर कोणालाच माहीत नाही."

"मग त्यात माझंपण मोजणार?"

"तुझंपण."

तिनं मानेवरचा व्रण चाचपला. "मग ठीके," म्हणाली.

म्हणून प्रज्ञा जुन्यावर बरी झाली हे वाचून तुम्ही जुनं मागू नका. होकार द्या असंही मी सांगत नाही. विचारा, चिडा, जिन्यावर जाऊन बसा. पण डॉक्टर 'माहीत नाही' म्हणाले, तर ते तुम्हाला सोडून गेलेत असं समजू नका. त्या दिवसांत मला ऐकू आलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

पायांत बळ आलं तशी ती पहिल्यांदा टँकरला उतरली. गळ्याभोवती ओढणी, नसीमआपांनी आणून दिलेल्या खुर्चीत बसून. सगळ्यांनी डबा तिच्यापुढं धरला. तिनं डोळे मिटले, ओठ चावला. एकेक नाव निघत गेलं, हंडे पुढं सरकत गेले. आमचं काही निघेना. शेवटी डब्यात एकच चिठ्ठी उरली, ती आमची. टँकरचं पाणी तळाला गेलेलं.

मग नसीमआपाच म्हणाल्या, "नई नई, ये नई चलेगा. बेटा, फिरसे निकाल. पैला नंबर तेरा." बाकीचेही म्हणाले, व्हय व्हय, काढ पुन्हा. ज्यांचे हंडे भरले होते त्यांनी ते आमच्या दाराकडं उचललेसुद्धा. मी तोंड उघडणार होते. काय म्हणणार होते ते सांगत नाही, कारण नियम माझा होता आणि पोरगी माझी होती.

प्रज्ञानं डब्याचं झाकण लावलं. वरून हात ठेवला.

"एकदा निघाली की निघाली," तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "मम्मी, कळशी आण."

मी कळशी आणली. तळाचं गढूळ पाणी होतं. ते मी भरून घेतलं, तुरटी फिरवली आणि निवळत ठेवलं.